श्वास काढायचं काम

माझं काम श्वास काढायचं. असं सांगितलं की लोक एक पाऊल मागे सरकतात, म्हणून मग खुलासा करावा लागतो. टीव्हीवर तुम्हाला डोंगर दिसतो, पण त्या डोंगरासमोर कॅमेरा खांद्यावर घेतलेला एक माणूस धापा टाकत चढत असतो. त्याची धाप, त्याचं खाकरणं, बुटांची करकर, मध्येच "सरक की मेल्या" असं पुटपुटणं, सगळं माइकात येतं. ते तांदळातल्या खड्यांसारखं वेचायचं आणि त्या जागी वारा, पाखरं, पाणी, जे असेल ते भरायचं. हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. आधी कपडे शिवायचे. उसवायचं, आणि उसवलेलं दिसणार नाही असं रफू करायचं, ते तिथे शिकले. आवाजाचंही तेच आहे, फक्त सुई टोचत नाही.

तो कॅमेरावाला म्हणजे माझा नवरा. तो दाखवतो आणि मी त्याला पुसून टाकते, असा आमचा संसार. एकटे असलो की त्याला मी 'अरे' म्हणते, सासूबाईंसमोर 'अहो'. तो मला दोन्हीकडे 'अगं' म्हणतो. त्याच्या तोंडून माझं नाव शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

या वर्षी त्याला 'जमीन न सोडता' हा कार्यक्रम मिळाला. दोन निवेदक एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणार, विमान वर्ज्य, आणि एकदा वापरलेलं वाहन पुन्हा वापरायचं नाही. आगगाडी झाली, तांगा झाला, होडी, उंट, सिमेंटचा ट्रक झाला. एकदा दोघं रोडरोलरवर बसले. अख्ख्या भागात जेवढं अंतर गेले, तेवढं मी भाजीला जाते. पण लोक बघत होते. रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत प्रत्येक खिडकीतून तेच संगीत यायचं.

सासूबाई अगदी पुढ्यात खुर्ची घेऊन बसायच्या. "यात माझा मुलगा कुठे आहे?"

"आई, जे दिसतंय ते सगळं तोच दाखवतोय. म्हणून तो दिसत नाही."

"मग निदान खोकू तरी दे त्याला. तेही काढून टाकतेस. कसली बाई आहेस!"

डोंगर सुरू व्हायच्या आधी त्याचा फोन आला होता. आता पुढे रेंज नाही, काही कळायचं ते ऑफिसातून कळेल. त्यामुळे फोन येईना तेव्हा मी घाबरले नाही. घाबरायला कारण लागतं, ते पुढे मिळालं.

डोंगरातलं चित्रण आलं त्या दिवशी संकलन करणारा, ज्याला ऑफिसात सगळे कातऱ्या म्हणतात, माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. "ताई, निर्मात्या मॅडमचा निरोप आहे. पाळण्याच्या प्रसंगातला श्वास काढू नका. उलट वाढवा. म्हणाल्या, फार भारी आलाय."

"बघ," मी म्हटलं, "इतकी वर्षं कचऱ्यात टाकला, आता त्याला भाव आला."

दोघं हसलो. मी कानाला हेडफोन लावले.

पाळणा म्हणजे काय, तर दरीवर एक जाड तार, तारेला चाकांवर लटकवलेली लोखंडी पेटी, आणि दोन्ही काठांवर दोर ओढणारी माणसं. पेटीत निवेदक आणि समोर बसलेला माझा नवरा. त्याचा श्वास मला पाठ आहे. नाकाने एक लांब घेतो आणि हप्त्याहप्त्याने सोडतो. कॅमेरा वळवायच्या आधी जिभेने 'चक्' करतो, बैलाला वळवावं तसं. पेटी मध्यावर आली, एक चाक तारेवरून सटकलं आणि पेटी एका अंगाला कलली. निवेदक किंचाळले. चित्र मात्र हललं नाही. भिंतीला टांगल्यासारखं स्थिर.

आणि श्वास थांबला.

मी वाट पाहिली. खालून पाण्याचा घोष येत होता, लोखंड कुरकुरत होतं. श्वास नाही. अजून नाही. मग लक्षात आलं की मीही घेतलेला नाही. नंतर जे आलं तो श्वास नव्हताच. कोरडा हापसा हलवला की पाणी यायच्या आधी आतून जे घुसमटतं, तसं काहीतरी. आणि त्याच्या शेवटी, अगदी लहान आवाजात, "अगं."

मॅडमना ते ओरडणं वाटलं असणार. ते ओरडणं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून, मोजा सापडत नसला की तो ज्या सुरात हाक मारतो, तो सूर होता. फक्त इथे मोजा नव्हता. चित्र तिथे तुटलं.

मी घाईघाईने पुढचं लावलं. पेटी अलीकडच्या काठाला ओढून आणली होती. दुसऱ्या दिवसाचं ऊन, चाक दुरुस्त, पेटी सुखरूप पलीकडे, निवेदक एकमेकांना मिठ्या मारताहेत. हुश्श म्हणून मी खुर्चीत मागे टेकले. आणि तशीच राहिले.

कॅमेऱ्यामागून येणारा श्वास तोंडाने घेतलेला होता. उथळ, ओला, बोजड. चित्र उजवीकडे वळलं, 'चक्' झालं नाही.

पुढचं लावलं. याक, खिंड, बर्फावर घसरणारी फळी. तोच ओला श्वास. त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. पाळण्यानंतर माझा नवरा कुठेच नव्हता. त्याचा कॅमेरा दुसरंच कुणीतरी धरून चाललं होतं.

कातऱ्याला बोलावलं. त्याने ऐकलं. "सर्दी झाली असेल हो ताई. उंचावर नाक चोंदतं."

"नाक चोंदेल. जीभ चोंदते का?"

त्याने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

मॅडम माझ्याहून वयाने लहान आणि एरवी चांगली बाई. मी तिच्या खोलीत गेले तर फोनवर कुणालातरी "थरार हवा, थरार" असं सांगत होती. मी दार लावून घेतलं.

"माझा नवरा कुठे आहे?"

तिने फोन खाली ठेवला. "बसा ना."

बसा म्हटलं की संपलं. माझी पाचावर धारण बसली, तरी मी बसले नाही.

"ते जरा विश्रांती घेताहेत. मागे, नदीकाठच्या गावात. पडले-बिडले नाहीत हो. त्यांनीच सांगितलंय, घरी कळवू नका."

"तुम्हाला सांगितलं?"

"टीमला. टीमने मला मेसेज केला."

"तुम्ही त्याचा आवाज ऐकलात का?"

ती फोनशी चाळा करू लागली.

"मेसेज वाचून दाखवा."

"'कॅमेरावाले नदीकाठी थांबले. ठीक आहेत. घरी सांगू नये.'" तिने फोन माझ्याकडे फिरवला, जणू वाचता येणारा पुरावा दिला की माझं समाधान होईल.

आता 'ठीक आहेत' म्हणजे काय? पाय मोडलेल्यालाही ठीक म्हणतात. आणि 'घरी सांगू नये' हे कुणाबद्दल म्हणतात ते घरच्यांना बरोबर कळतं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दोन पावलांच्या खोलीत माझ्या मनाने त्याला दरीत टाकला, बाहेर काढला, पांढऱ्या चादरीत गुंडाळला आणि सासूबाईंना कसं सांगायचं तेही ठरवून टाकलं.

"मी जाते तिकडे."

"जा ना, जरूर जा," मॅडम म्हणाली. "मी गावाचं नाव देते. फक्त तो पाळण्याचा प्रसंग तेवढा करून जा. रविवारी जायचाय. आणि श्वास मोठा हवा हं."

खोलीत परत येऊन मी काय केलं ते सांगते. मी त्याचा श्वास काढला. तो हापसा, आणि ती हाक, दोन्ही. इतकं स्वच्छ काम आयुष्यात केलं नसेल. ज्या हाकेला मी 'ओ' दिली नव्हती ती सगळ्या गल्लीने आधी ऐकायची, हे मला सोसलं नसतं. पण श्वास तर हवा होता. म्हणून मी रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोपटात गेले, दार ओढलं, माइक तोंडासमोर घेतला आणि कातऱ्याला खूण केली.

अभिनय करावा लागला नाही. सकाळपासून छातीत अडकलेलं होतं ते सोडून दिलं. थांबला, घुसमटला, तुटला, पुन्हा लागला. काचेपलीकडे कातऱ्याने कानावरचं काढून ठेवलं आणि हात वर केला. "ताई, पुरे."

घरी येऊन पिशवी भरायला घेतली. सासूबाई दारात.

"कुठे?"

"ऑफिसचं काम आहे. नदीकाठी."

"तू? तुला लिफ्टमध्ये गरगरतं."

"काम आलं की जावं लागतं, आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि त्याचा लोकरीचा स्वेटर आणून पिशवीत वरच ठेवला. काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी तिथेच रडून मोकळी झाले असते.

मी आगगाडीने गेले, मग बसने. पुढे बटाट्याच्या पोत्यांवर बसून ट्रकने, आणि शेवटी एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मध्ये तिसऱ्या कॅनसारखी. बसमध्ये ओकले, ट्रकमध्ये ओकले, मोटारसायकलवर पोटात काही उरलं नव्हतं म्हणून वाचले. प्रत्येक चालवणारा मला "घाबरू नका" म्हणाला आणि प्रत्येकाने ते नेमकं वळणावर मान मागे वळवून म्हटलं. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काही नाही. मी त्या काही नाहीकडे बघायचं टाळत होते. पण डोळे मिटले की पांढरी चादर दिसायची, तेव्हा उघडे ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नदीच्या अलीकडच्या काठावर दूधवाल्याने उतरवलं तेव्हा रविवारची संध्याकाळ होती. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"अगं ऐक, आता काळजी करू नकोस. तो बरा आहे."

"कुणी सांगितलं? फोन आला?"

"फोन कशाला हवा? आत्ता टीव्हीवर ऐकला मी. तो पाळणा वाकडा झाला ना, तेव्हा त्याचा श्वास आला. पहिल्यांदा ठेवलास बाई तू, देव तुझं भलं करो. घाबरला होता गं फार. पण त्याचाच होता. लहानपणी तापात असाच घ्यायचा. आईला कळतं. जिवंत माणसाचा श्वास आहे तो."

मी "हो आई" म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? सगळ्या जगात तो जिवंत असल्याची खात्री एकट्या त्यांना होती, आणि ती खात्री माझ्या छातीतून निघाली होती. आतापर्यंत आत कुठेतरी एक फट होती, तिच्यातून जरा उजेड यायचा. ती बुजली. मी फोन पिशवीत टाकला आणि पाण्याकडे चालू लागले. पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे पडत होते.

नदी रुंद, मातकट आणि घाईत. पूल नाही. या काठापासून त्या काठापर्यंत तार, आणि तारेला धरून ओढत न्यायचा एक तराफा, शेळ्या, सायकली, माणसं सगळ्यांसाठी एकच. तराफेवाला आडदांड माणूस, डोक्याला फडकं.

"पलीकडे एक परका माणूस आहे का?" मी विचारलं. "कॅमेरावाला."

"कॅमेरा कुणाकडे नाही."

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले.

"माणूस एक आहे," तो म्हणाला. "वरून खेचरवाल्यांबरोबर आला. खेचरावर बसेना, सगळी वाट चालत आला. आता इथे अडकलाय. रोज काठावर येतो, तराफ्यावर एक पाय ठेवतो, काढून घेतो, म्हणतो 'उद्या'. आम्ही त्याचं नावच उद्या ठेवलंय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमचा का तो उद्या?"

मी तराफ्यावर चढले आणि कठड्याला धरून खाली बसले, शेळ्यांच्या लेंड्यांतच. हसत होते की रडत होते, तराफेवाल्यालाच विचारा. पलीकडे जाईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

तो काठावरच्या एका दगडावर बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं आत. मला बघून उठला नाही. डोळे बारीक करून, लांबच्या वस्तूकडे बघावं तसं बघत राहिला.

"तू?" मग म्हणाला, "कशाने आलीस?"

"सगळ्याने," मी म्हटलं. "विमान सोडून."

स्वेटर त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला नाही, मांडीवर धरून बसला.

"घरी सांगू नका का म्हणालास?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच ना."

"लिफ्टमध्ये गरगरतं तुला."

"ते आता कुणी मला सांगू नये."

मग तो बोलला, माझ्याकडे न बघता. "कॅमेऱ्यातून बघत होतो तोवर काही नव्हतं. पेटी कलली, मी म्हटलं चौकट छान झाली. खरंच तसं म्हटलं मनात. मग डोळा बाजूला काढला. का काढला कुणास ठाऊक. नुसत्या डोळ्याने खाली बघितलं." तो थांबला. "इतक्या वर्षांत कुठे कुठे लटकलो, तेव्हा भीती वाटली नव्हती ना, ती कुठे गेली नव्हती. एकदम आली सगळी. दुसऱ्या दिवशी पेटीत पाय टाकायला गेलो तर पाय माझं ऐकेना. कॅमेरा मदतनिसाकडे दिला आणि मागे फिरलो. खेचरावर नाही, कशावरच नाही. जे हलतं त्यावर चढवत नाही. चालत घरी येईन म्हटलं. पण नदी काही चालत येत नाही."

"ते टीव्हीवर गेलं?" त्याने जरा वेळाने विचारलं.

"प्रसंग गेला. तुझा श्वास मी काढला. माझा भरला."

त्याने मान वळवली. "तुझा?"

"आईंनी ओळखला. लहानपणी तापात तू असाच घ्यायचास म्हणे."

तो हसला. छातीतून आलं हसू, आणि मग ते थांबेना. खांदे हलत राहिले, आणि ते हसू कुठल्या क्षणी हसू राहिलं नाही ते मला कळलं. पाठीवर हात ठेवला.

सकाळी आम्ही काठावर गेलो. तराफा लागलेला होता. शेळ्या घेतलेली एक म्हातारी, दोन सायकलवाले. त्याने एक पाय फळीवर ठेवला. फळी पाण्याबरोबर किंचित वर आली. त्याने पाय काढला.

"उद्या," तो म्हणाला.

सायकलवाले खुदखुदले. तराफेवाल्याने दोर सैल केला. "ताई, तुम्ही येताय का? की उद्याच्या सोबतीला थांबताय?"

"जा तुम्ही," मी म्हटलं. तराफा गेला. आम्ही दगडावर बसलो.

मी त्याला धीर देणारं काहीतरी शोधत होते, पण माझ्याकडेच शिल्लक नव्हता. "खरं सांगू? मलाही जायचं नाहीये. काल मी डोळे मिटून आले. ही नदी मी अजून पाहिलेलीच नाही."

"मग कसं जायचं?"

"घाबरत जायचं. न घाबरता जायचं म्हणून बसलो तर दोघं इथेच म्हातारे होऊ. त्या म्हातारीच्या शेळ्या आपल्याला हुंगून जातील रोज."

तराफा परत आला. आता कुणी नव्हतं, नुसता तराफेवाला. मी आधी चढले, कारण थांबले असते तर मीही 'उद्या' म्हणाले असते. चढून खाली बसले, कठड्याचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि डोळे गच्च मिटले. मागे काही हालचाल नव्हती. मग फळी दबली. पुन्हा दबली. माझ्या शेजारी कुणीतरी धपकन बसलं आणि माझा दंड असा धरला की रक्त थांबावं.

"ओढा," मी ओरडले. "ओढा लवकर, विचार करायला वेळ देऊ नका!"

तराफा सुटला. खालून पाणी फळ्यांना धडका देत होतं. तार कण्हत होती.

"किती राहिलं?" मी विचारलं.

मी त्याला कोपराने ढोसलं.

"अरे, मी डोळे मिटलेत, मला दिसत नाहीये. किती राहिलं सांग ना!"

"अं... बरंच."

"बरंच म्हणजे? नीट बघ."

"अर्धं."

"खोटं बोलतोस."

"अर्ध्याहून जरा जास्त," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता, पण बघून बोलत होता. "आता एक झाड येतंय वाहत. मोठं नाही. गेलं. गेलं ते. पाणी तपकिरी आहे. कडेला पांढरं. तू बघू नकोस."

"मी कशाला बघते! तू बोलत राहा."

तो बोलत राहिला. काठावर एक कुत्रं आहे, दूधवाला उभा आहे, आता पाऊण झालं, आता खालचे गोटे दिसताहेत. मध्येच एकदा तराफा गचकन थांबला, त्याची बोटं माझ्या दंडात रुतली. मग पुन्हा हलला. शेवटी फळी वाळूत घासल्याचा आवाज आला आणि मी डोळे उघडले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, घामाने डबडबलेला.

वर रस्त्यावर ट्रक उभा होता, इंजिन सुरू. मागे बटाट्याची रिकामी पोती. ड्रायव्हरने हात केला, चला.

तो ट्रककडे बघत उभा राहिला.

"हा नको," तो म्हणाला. "आज नाही."

"बरं," मी म्हटलं.

ड्रायव्हरला हात जोडले. ट्रक धूळ उडवत गेला. त्याने माझी पिशवी खांद्याला लावली, मला डोंगराच्या अंगाला घेतलं आणि स्वतः दुसऱ्या अंगाने चालू लागला. मागून गाडीचा आवाज आला की तो थांबायचा, माझा दंड धरून कडेला उभा राहायचा. गाडी गेली की आम्ही पुन्हा निघायचो.